पेवात ठेवलेले आवाज

भूपाल मगदूमच्या घरातल्या तिन्ही बायकांचे आवाज एका सकाळी गेले आणि त्यावरून घरात रडारड काही झाली नाही, कारण रडायलाही आवाज लागतोच. आक्का, म्हणजे त्याची आई, चहासाठी हाक मारायला म्हणून दारात आली ती तोंड उघडून तशीच उभी राहिली. बायको पद्मजा फोनवर मोलकरणीला काहीतरी सांगत होती, पण नुसते ओठ हलत होते. मुलगी तेजल बेसिनपाशी गुळण्या करत होती. पाणी घशात गरगर फिरत होतं आणि ऐकू काही येत नव्हतं. भूपालनं तिघींकडे बघितलं आणि म्हणाला, "दूध उतू जातंय." त्याचा स्वतःचा आवाज अगदी ठणठणीत होता.

हवा बदललीय, घसा बसला असेल, असं तो वरवर म्हणाला खरा. पण आदल्या दुपारी आपण काय करून आलोय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तुम्हालाही सांगून टाकतो. त्याच्यासाठी लपवाछपवी करायला मी काही त्याचा वकील नाही.

भूपालचं सांगलीत शेअर दलालीचं ऑफिस होतं. त्या धंद्यात असं असतं बघा, की गिऱ्हाइकानं फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, अमुक घ्या, तमुक विका. आणि तो प्रत्येक फोन टेप होतो, उद्या कुणी नाही म्हणायला नको म्हणून. भूपालच्या ऑफिसात त्यासाठी भिंतीला एक काळा डबा लावला होता. फोन उचलायला नेमगोंडा नावाचा नोकर होता, भोळा माणूस. तो आधी विचारायचा, "कोण बोलतंय?" पलीकडून नाव यायचं, "मीच बोलतोय" असं यायचं, मग आकडा, मग भाव. एवढं झालं की सौदा पक्का.

आणि भूपालला नकला यायच्या. कसल्या यायच्या म्हणता! लग्नात जेवणं उरकली की लोक त्याला मधे बसवायचे आणि तो विहिणीचा रुसवा असा काढायचा की खऱ्या विहिणीही हसून बेजार व्हायच्या. तेजलला अठरावं लागून संपलं, तशी त्यानं आईच्या, बायकोच्या आणि लेकीच्या नावानं खाती उघडली. "टॅक्सचं आहे, इथं सही कर, इथं कर," एवढंच सांगून. मग घरी आतल्या खोलीत बसून तो स्वतःच्याच ऑफिसला फोन लावायला लागला. आईच्या आवाजात घ्यायचा, बायकोच्या आवाजात विकायचा, लेकीच्या आवाजात परत घ्यायचा. वज्रधूप नावाची एक उदबत्तीची कंपनी होती, तिच्या कारखान्यात कित्येक वर्षं फक्त कबुतरं होती. तिचे शेअर घरातल्या घरात फिरत राहिले आणि भाव चढत राहिला. चढता भाव बघून बाहेरची माणसं धावली. सगळी धावून झाली तेव्हा भूपालनं तिन्ही आवाजांत सगळं विकून टाकलं आणि भाव जो आपटला तो पुन्हा उठला नाही.

"मी तेजल मगदूम. मीच बोलतेय. वज्रधूप दोनशे घ्या, बाजारभावानं." हे एवढं तो तेजलसारखं इतकं हुबेहूब म्हणायचा की आतल्या खोलीच्या दाराशी चहा घेऊन आलेली पद्मजा एकदा थबकली होती. तिला वाटलं, पोरगी कॉलेजात गेली नाही काय आज?

आक्काच्या आवाजात मात्र तो जरा वाहवत जायचा. नेमगोंडा पलीकडून आदरानं विचारायचा, "आक्का, गुडघे कसे आहेत?" तर भूपाल म्हणायचा, "आहेत बाबा. जिना चढवत नाही. पण माझा भूपाल फार गुणाचा, मला खालीच खोली दिलीय त्यानं." हे बोलायची काही गरज नव्हती. तोंडातून निघून जायचं, आणि फोन खाली ठेवल्यावर त्याला फार बरं वाटायचं. खरी आक्का तसली बाई नव्हती. ती कुणाचं तोंडावर कौतुक करत नसे.

मग मुंबईहून, शेअर बाजारातल्या लबाड्या तपासणाऱ्या खात्याची नोटीस आली. टेपचा डबा आहे तिथंच ठेवा, हात लावू नका, आम्ही येतो आहोत. भूपाल ती घेऊन कुपवाडे वकिलांकडे गेला. कुपवाडे म्हणाले, "हे बघा, मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही," आणि मग जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं.

भूपालनं भिंतीवरचा डबा काढला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि हरिपूरला मामाच्या रानात नेला. मामा आता नाही, मामी आहे. त्या रानात हळदीची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वर माणूस कसाबसा जाईल एवढं तोंड आणि आत रांजणासारखं ऐसपैस पोट. पूर्वी त्यात हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. आता वखारी झाल्या आणि पेवं ओस पडली. भूपालनं डबा दोरीनं आत सोडला, तोंडावर फरशी सरकवली आणि वरून माती लिंपली. मामी खाटेवर बसून बघत होती.

"काय ठेवलंस रं?" तिनं विचारलं.

"जुनं सामान आहे, मामी."

"ऱ्हाईल," मामी म्हणाली. "पेवात ठेवलेलं टिकतं. वर मात्र ते नसतंय, एवढंच."

म्हातारीचं बोलणं, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी दूध उतू गेलं.

डॉक्टर आवटींनी तिघींच्याही घशात बॅटरी मारून बघितली. "घसे स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "आवाज नाहीये आत. कुठं ठेवलाय?"

"ठेवलाय म्हणजे?" भूपालनं विचारलं.

"बसला असता तर सूज दिसली असती. गेला असता तर जखम दिसली असती. जागा झाडून-पुसून रिकामी आहे, म्हणजे कुणीतरी उचलून नीट ठेवलाय." त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी येताना रिक्षात तिघी ओळीनं बसल्या होत्या आणि भूपाल पुढं ड्रायव्हरशेजारी बसून हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

कुपवाडे वकील ऐकून एवढे खूश झाले की त्यांनी भजी मागवली. "खाती कुणाच्या नावावर? या तिघींच्या. साक्ष कुणाची घेणार? या तिघींची. आणि तिघीही मुक्या! मगदूम, एवढं चांगलं नशीब मी आजवर बघितलं नाही. फक्त त्यांना एवढं समजावा, की विचारलं तर मान हलवायची. हो, मीच सांगितलं होतं फोनवर, अशी."

"आणि मग त्यांना काय होईल?"

"बायका आहेत. सुटतील," कुपवाडे म्हणाले आणि भज्याचा तुकडा चटणीत बुडवला.

पण गोष्ट घरातच थांबली असती तर ना! डबा सगळ्या गिऱ्हाइकांचा होता. ज्या क्रमानं लोकांनी वज्रधूप घेतला होता त्या क्रमानं त्यांचे आवाज जायला लागले. सगळ्यांच्या आधी नेमगोंडाचा, त्यानं घेतला काही नव्हता, पण डब्यात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच. मग बिरजे गुरुजी, ज्यांनी पेन्शनचे साठवलेले सगळे पैसे घातले होते. मग पिठाच्या गिरणीवाला, मग नर्सबाई, मग शाळेतले दोन शिपाई. बाजारात भांडणं बंद झाली. मार्केट यार्डात अडत्यांनी जुन्या काळासारखे रुमालाखाली बोटं धरून सौदे सुरू केले. लुबाडलेली माणसं तक्रार करायला पोलीस चौकीत जायची, बाकावर बसायची आणि थोड्या वेळानं उठून घरी जायची. हवालदार त्यांना पाणी द्यायचा.

भूपालचा आवाज तेवढा राहिला. त्यानं स्वतःच्या आवाजात आपल्या ऑफिसला कधी फोनच केला नव्हता ना! त्या डब्यात तो कुठंच नव्हता. जेवताना तो एकटाच बोलायचा, भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा, आणि तिघी ताटाकडे बघून जेवायच्या. भांडी वाजायची तेवढाच काय तो आवाज. सुरुवातीला त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढं पुढं तो ताट अर्धं टाकून उठायला लागला.

आक्काचं आणि पद्मजाचं एक वेळ तो सोसून गेला असता. खरं सांगायचं तर माणूस सोसतो. पण तेजलचं काय करायचं? ही पोरगी कबड्डीचं समालोचन करायची. लहानपणी कुकरच्या शिट्ट्यांवर करायची, गल्लीत कुत्री भांडली की त्यांच्यावर करायची, आणि कॉलेजात गेल्यापासून खऱ्या मैदानावर. "उजवा कोपरा सावध आहे, पण सावध असून उपयोग काय, पाय तर हलला पाहिजे!" असं तिनं म्हटलं की मैदान हसायचं आणि कोपऱ्यातला गडी खरंच पाय हलवायचा. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला यंदा पहिल्यांदा तिच्या हातात माइक येणार होता. पुण्याची टीव्हीवाली माणसं खास तिला ऐकायला येणार होती. आवडला आवाज तर घेऊन जाणार होती. त्या घरात आवाज हेच जिचं सगळं काही होतं अशी ती एकटीच.

सामन्याच्या आदल्या दिवशी ती पाटी घेऊन बापापुढं उभी राहिली. पाटीवर लिहिलं होतं, "पप्पा, तुम्ही माझी नक्कल करता ना? उद्या करा. मी ओठ हलवीन."

भूपालला भडभडून आलं. "करतो की! का नाही करणार? मागं बसतो, पडद्याआड. कुणाला कळायचं नाही."

मैदान भरलं होतं. अर्धी माणसं बोलकी, अर्धी मुकी. तेजल माइक घेऊन पुढं उभी राहिली, जांभळा पंजाबी ड्रेस घालून. भूपाल पडद्यामागं खुर्चीवर बसला, त्याच्याही हातात माइक. शिट्टी झाली. चढाईवाला रेघ ओलांडून आत गेला. तेजलचे ओठ हलले. भूपालनं घसा सैल केला आणि तिचा आवाज शोधला. तो लगेच सापडला, थोडा घोगरा, थोडा हसरा, तिचाच.

"मी तेजल मगदूम," भोंग्यांतून आलं. "मीच बोलतेय. वज्रधूप दोनशे घ्या, बाजारभावानं."

चढाईवाला मैदानाच्या मधोमध थांबला. भूपाल दचकला. कबड्डीचं बोलायचं होतं, त्यानं मनात वाक्यही जुळवलं होतं. त्यानं परत तोंड उघडलं. "दोनशे घ्या," तेजलचा आवाज म्हणाला. "मीच बोलतेय." त्या आवाजात आजवर जे बोलला होता तेवढंच त्याला येत होतं. बाकी त्या आवाजात काही नव्हतंच.

बाकांवरची मुकी माणसं सावकाश वळली आणि तेजलकडे बघायला लागली. बिरजे गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला आणि बघत राहिले. पुण्याची माणसं उठून गाडीकडे गेली. तेजलनं माइक खाली ठेवला. तिनं जन्मात कधी बापाच्या ऑफिसला फोन केला नव्हता. पोरगी बापासारखी हुशार होती, आणि हुशार माणसाला असल्या वेळी फार काही सांगावं लागत नाही. ती पडद्यामागं आली, पेननं तळहातावर लिहिलं आणि हात त्याच्या तोंडापुढं धरला. "कुठंय?"

"काय कुठंय?" भूपाल स्वतःच्या आवाजात म्हणाला.

तिनं त्या शब्दाखाली रेघ ओढली. पेन एवढं दाबलं की कातडी लाल झाली.

त्याच आठवड्यात मुंबईच्या तपास अधिकारी गवाणकरबाई घरी आल्या. सोफ्यावर बसल्या, कानांवर हेडफोन चढवला आणि डोळे मिटून घेतले. "मी चेहरे बघत नाही," त्या म्हणाल्या. "चेहरे शिकवून आणतात. मी फक्त आवाज लिहून घेते. डबा कुठाय?"

"हरवला," कुपवाडे वकील म्हणाले.

"सापडला तर मार्केट यार्डाच्या हॉलमध्ये आणा. तिथं टेप वाजवू. ज्याचा आवाज त्यानं 'माझा' म्हणायचं आणि घेऊन जायचं. पण तो आवाज जे बोलला असेल तेही त्याचंच. आवाज आणि गुन्हा एका पुडीत बांधलेले येतात, सुटे मिळत नाहीत."

"आणि कुणीच माझा म्हटलं नाही तर?" भूपालनं विचारलं.

"संध्याकाळी पुसून टाकतो. तशी पद्धत आहे."

पद्मजानं चहा आणून ठेवला. गवाणकरबाईंनी डोळे न उघडता कप बरोबर उचलला. भूपालनं एकदा कुपवाड्यांकडे, एकदा आतल्या दाराशी उभ्या तेजलकडे बघितलं. "समजा," तो म्हणाला, "आवाज तिचा आहे, आणि बोललो मी. असं असलं तर?"

कुपवाड्यांना ठसका लागला.

"असं कुणी आपल्या तोंडानं हॉलमध्ये येऊन म्हणत नाही," गवाणकरबाई म्हणाल्या. "म्हटलं तर पुडी सोडावी लागेल. आवाज तिला जाईल, बाकीचं तुम्हाला. बाजारात लबाडी केली त्याची शिक्षा वेगळी, आणि पुरावा दडवला, साक्षीदारांना पढवलं, त्याची वेगळी. दोन्ही भोगायच्या." त्यांनी चहा संपवला. "साखर जास्त आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

कुपवाडे निघताना भूपालच्या कानाशी लागले. "वेडेपणा करू नका. डबा नाही तर काहीच नाही. पोरगी मुकी राहिली तर राहिली, लग्न जमतं हो आजकाल."  आयुष्यात पहिल्यांदा भूपालला त्या माणसाच्या तोंडात मारावीशी वाटली. मारली नाही अर्थात. दारापर्यंत सोडायला गेला.

पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्कूटर काढली आणि तेजलला मागं बसवलं. ती बसली, पण त्याला न धरता, मागच्या दांडीला धरून.

मामीनं फरशी काढायला लावली. पेवाचं तोंड उघडून दिवसभर तसंच ठेवलं, आत कोंडलेली वाईट हवा निघून जायला. ऊन उतरलं तेव्हा तिनं कंदील आत सोडला. ज्योत विझली नाही, तशी म्हणाली, "जा आता. आणि ध्यानात ठेव, आत बोलायचं नाही. हळद काढायला उतरायची ती माणसं मुक्यानं उतरायची, दोरीला हिसका द्यायची. जे आत बोलशील ते पेवाचं."

"बरं," भूपाल म्हणाला. बाहेर स्वतःच्या आवाजात बोललेला त्याचा तो शेवटचा शब्द, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

आत पिवळट अंधार होता. हळद जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा वास भिंतींना धरून होता. डबा चादरीत होता आणि अंगाला हात लावल्यासारखा कोमट लागत होता. कान दिला तर आत सगळे कुजबुजत होते. घ्या, विका, मीच बोलतोय. पेन्शनचे आहेत हो, जरा बघून घ्या. माझा भूपाल फार गुणाचा. भूपालनं डबा दोरीला बांधला आणि वर बघितलं. पेवाच्या तोंडात तेजलचा चेहरा होता, मागं आभाळ. ती वाकून बघत होती, तिच्या वेणीचं टोक खाली लोंबत होतं. लहान असताना ती अशीच माळ्यावरून वाकून बघायची आणि तो खाली दोन्ही हात पसरून उभा राहायचा.

उद्या हॉलमध्ये म्हणायचं वाक्य त्याला आठवलं. आपल्याला ते जमेल का, अशी भीती वाटली. नकला करणाऱ्या माणसाला आधी घोकायची सवय असते. लग्नातली विहीणसुद्धा तो मोरीत जाऊन घोकून यायचा. मामीचं सांगणं त्याला त्या घडीला आठवलं नाही. त्यानं घसा साफ केला आणि स्वतःच्या आवाजात, हळू पण स्पष्ट, म्हटलं, "आवाज तिचा आहे. बोललो मी."

भिंतींनी ते वाक्य घेतलं. प्रतिध्वनी आला नाही. भूपालला इतकं हलकं वाटलं की तो तिथंच पेवाच्या तळाला उकिडवा बसला आणि रडला. रडण्याचाही आवाज झाला नाही, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्यानं दोरीला हिसका दिला.

वर आल्यावर मामीनं विचारलं, "सापडला?" त्यानं मान हलवली. घशात हळदीची धूळ बसली असावी असं त्याला वाटलं. उद्याचं वाक्य उद्यालाच राहू दे, आज उगीच तोंड वाजवायला नको, असंही वाटलं. मामीनं फरशी जागेवर सरकवली आणि तोंड लिंपून टाकलं. परतीच्या वाटेवर तेजलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगली येईपर्यंत काढला नाही. भूपालला वाटलं, जेल तर जेल, एवढं मिळालं तर माणसाला आणखी काय पाहिजे?

हॉल खच्चून भरला होता. गवाणकरबाई मंचावर डोळे मिटून बसल्या होत्या, पुढं डबा आणि वही. डबा वाजायला लागला. पहिला आवाज आला तो, "कोण बोलतंय?" बाकावरून नेमगोंडा धडपडत उठला, "माझा! माझा आहे तो!" म्हणाला आणि स्वतःचं बोलणं ऐकून आपल्याच तोंडाला हात लावून बघायला लागला. मग बिरजे गुरुजींचा आवाज आला. गुरुजी "माझा" म्हणाले आणि मग मोठ्यानं रडले. इतके दिवस साठलेलं ते रडणं होतं, कुणी अडवलं नाही. एकेक जण उठून आपापला आवाज घेत गेला. त्यांनी फक्त पैसे घालवले होते, त्यांच्या पुड्यांत दुसरं काही नव्हतं.

"आहेत बाबा, जिना चढवत नाही," डबा म्हणाला. "माझा भूपाल फार गुणाचा. वज्रधूप पाचशे घ्या."

भूपाल उठायला गेला. पण आक्का त्याच्या आधी उठली होती, गुडघे दाबत. तिनं हात वर केला, ओठ हलवले, आणि तिच्या घशात आवाज येऊन बसला.

"माझा," आक्का म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "त्यातलं ते गुणाचा म्हटलेलं मी नव्हे हं बाई. मी असं कधी म्हटलं नाही. बाकी सगळं माझं, लिहून घ्या."

गवाणकरबाईंनी लिहून घेतलं. दोन बायका पोलीस आल्या आणि तिला बाजूच्या दारानं घेऊन गेल्या. जाताना तिनं भूपालकडे बघितलं नाही. चप्पल उलटी घातली होती, ती दारात थांबून नीट घातली.

पद्मजाचा आवाज वाजला. "मीच बोलतेय. सगळे विका." पद्मजा हाताची घडी घालून समोरच्या भिंतीकडे बघत बसली. उठली नाही. आता बोल, आता तरी बोल, असं भूपाल स्वतःला म्हणाला. कुपवाड्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. पुढच्याला बोलू, तेजलच्या वेळेला बोलू, वाक्य एकच आहे, जपून वापरायला हवं, असं म्हणत तो बसून राहिला. गवाणकरबाईंनी वाट बघितली आणि म्हणाल्या, "बेवारस. संध्याकाळी पुसा." पद्मजानं डोळेसुद्धा हलवले नाहीत. मुकं राहणं तिला परवडत होतं, नवऱ्याचं पाप अंगावर घेणं परवडत नव्हतं.

"मी तेजल मगदूम," डबा म्हणाला. "मीच बोलतेय. वज्रधूप दोनशे घ्या, बाजारभावानं."

"हा आवाज कुणाचा?" गवाणकरबाईंनी विचारलं.

तेजल उठली नाही. तिनं भूपालकडे बघितलं. सामन्याची शेवटची चढाई असली की ती मैदानाकडे असंच बघायची, पापणी न हलवता. भूपाल उठला. कुपवाड्यांनी सदरा धरला, तो त्यानं हिसडून सोडवला. सगळा हॉल त्याच्याकडे वळला होता. वाक्य घशात तयार होतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"मी तेजल मगदूम," तेजलचा आवाज म्हणाला. "मीच बोलतेय."

त्यानं गळा धरला. स्वतःचा आवाज शोधला, वर, खाली, पार पोटापर्यंत. जागा झाडून-पुसून रिकामी होती. हरिपूरला लिंपलेल्या पेवात ते वाक्य व्यवस्थित पडून होतं, तिथं त्याला कीड लागणार नव्हती.

गवाणकरबाईंनी डोळे उघडले नाहीत. "तेजल मगदूम, कबूल," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पुडी सुटली होती, फक्त उलटी सुटली होती. आवाज त्याच्या घशात राहिला आणि बाकीचं तिच्या नावावर गेलं.

बायका पोलीस तेजलच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. ती उठली, ओढणी सारखी केली आणि बाजूच्या दाराकडे चालायला लागली. दारात तिनं मागं वळून बघितलं. तिचे ओठ हलले, दोनदा. काय म्हणाली ते ओळखणं अवघड नव्हतं. घरात ती त्याला त्याच दोन अक्षरांनी हाक मारायची.

थांबा, सोडा तिला, असं भूपाल जीव तोडून ओरडायला गेला.

"दोनशे घ्या," तेजलचा आवाज हॉलभर घुमला. "दोनशे घ्या. बाजारभावानं."

आणि मागच्या बाकावरून नेमगोंडानं, नुकत्याच परत मिळालेल्या आवाजात, सवयीनं विचारलं, "कोण बोलतंय?"